एक लिटर रंगाची किंमत

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, शिक्रापूर मागे टाकले की रांजणगाव येते. एरवी हे गाव महागणपतीचे, अष्टविनायकांतले एक. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याची दुसरी ओळख झाली आहे ती औद्योगिक वसाहतीची. शिरूर तालुक्यातल्या या माळावर फियाटचा मोटार कारखाना उभा राहिला. तिथून पुढे शिरूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेडी लागतात. कुठे पंक्चर, कुठे वेल्डिंग, कुठे 'डेंटिंग-पेंटिंग'. अशा एखाद्या शेडमध्ये उभे राहून रंगाची चौकशी केली, तर जुना कारागीर हमखास विचारतो, "ड्युको करायचाय का?"

हा 'ड्युको' कुठला, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. सुतारही कपाटाला 'ड्युको' मारतो. हा शब्द जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी रंगाचे व्यापारी नाव आहे. कंपनीचे नाव विसरले गेले, रंगाची जातही बदलली, पण शब्द मराठी कारागिराच्या तोंडी राहिला. या शब्दाचा माग काढत गेले की मोटारीच्या रंगाचा सगळा इतिहास हाती लागतो, आणि एका साध्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रंगवायला इतका खर्च का येतो?

आधी एक छोटे गणित करू. लहानशा दोन आसनी गाडीच्या बाहेरच्या पत्र्याचे क्षेत्रफळ साधारण १० चौरस मीटर धरू. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर अस्तरापासून वरच्या चकाकीपर्यंत सगळे थर मिळून जाडी भरते १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलीमीटरचा दहावा भाग. दहा चौरस मीटरांवर एवढा थर म्हणजे घनफळ होते बरोबर १ लिटर. अख्ख्या गाडीचे रूप, तिची ओळख, तिच्यावर जडलेला जीव, हे सारे वाळलेल्या स्वरूपात दुधाच्या एका पिशवीत मावेल इतके आहे. मग लाखांचे बिल कशाचे असते?

वार्निशचे दिवस

पहिल्या मोटारी घोडागाड्या बनवणाऱ्यांनीच रंगवल्या, आणि घोडागाडीच्याच रीतीने. लाकडाच्या सांगाड्यावरचे अंग घासायचे, अस्तर द्यायचे, वाळू द्यायचे, प्युमिस दगडाने घोटायचे, पुन्हा थर द्यायचा. रंग जवसाच्या तेलात कालवलेला आणि शेवटी वार्निशचे हात. तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, त्याला घाई चालत नाही. एक गाडी पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे लागत. तेवढा काळ धूळ न येणाऱ्या खोलीत गाड्यांची रांग उभी असे.

हेन्री फोर्डचे यंत्र या रांगेपाशीच अडले. मिनिटामिनिटाला गाडी जोडून होते, पण ती वाळायला महिना घेत असेल तर गोदामे किती बांधायची? १९१४ ते १९२५ या काळात त्याची 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात मिळत असे. या काळेपणाचा संबंध आवडीनिवडीशी कमी आणि घड्याळाशी अधिक होता. डांबरी पदार्थापासून केलेला, भट्टीत भाजून वाळवता येणारा काळा लुकण टिकाऊ होता, स्वस्त होता आणि लवकर वाळत होता.

फिल्मचे भावंड

या कोंडीतून वाट निघाली ती सिनेमाच्या फिल्ममुळे. १९२० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पार्लिन इथे ड्यू पाँ कंपनीच्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोजवर काम चालू होते. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. जास्त नत्र मुरवले तर बंदुकीची दारू होते, कमी मुरवले तर सिनेमाची फिल्म. तिथे असा एक द्राव तयार झाला की जो पातळ असूनही भरपूर रंगद्रव्य पेलत होता. एरवी हा पदार्थ इतका दाट असे की फवारता येईल इतका पातळ केल्यावर त्यात रंग नावापुरताच उरे. आता दोन-तीन हातांतच पत्रा झाकला जाऊ लागला, आणि द्रावक उडून गेला की रंग वाळला. आठवड्यांचे काम काही दिवसांवर आले. १९२३ साली जनरल मोटर्सने हा निळा रंग आपल्या 'ओकलंड' गाडीला दिला. रंगाचे नाव होते ड्युको.

म्हणजे मोटारीचा ड्युको आणि प्रभातच्या चित्रपटांची फिल्म ही एकाच वाणाची भावंडे. त्या वाणाचा भडका कसा असतो हे पुण्याने जानेवारी २००३ मध्ये पाहिले. प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातल्या कोठारात नायट्रेट फिल्मना आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या आरंभीच्या काळाचा मोठा ठेवा राख झाला. जुन्या रंगाच्या गोदामांना आगीची एवढी धास्ती का असे, ते यावरून कळावे.

मुंबईला हा रंग फार उशिरा आला नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तो भारतातला असा पहिला. पुढे आयसीआय कंपनीने भारतात ड्युको याच नावाने रंग विकला आणि फवाऱ्याने मारायच्या कुठल्याही चकचकीत रंगाला तेच नाव चिकटले, जसे वनस्पती तुपाला डालडा.

आणि या रंगाला पातळ करणारा थिनर? शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याने दौंड तालुक्यात उतरावे. दोन्ही बाजूंना ऊस. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, पुढे पाटसला भीमा कारखाना. उसाची साखर झाली की उरते ती मळी, मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट. पिकल्या फळासारख्या वासाचा हा द्रावक लॅकर विरघळवायला लागतो. नीरा-निंबूतला तो बनतो. दौंडजवळच्या कुरकुंभला तर रसायनांची वसाहतच आहे. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मोटारीच्या चकाकीशी संबंध आहे, तो असा मळीतून.

होळकरांचा केशरी-काळा

नीरेच्या काठी होळ नावाचे गाव आहे. मल्हारराव होळकरांचे आडनाव या गावावरून आले. त्या घराण्यातले इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) हे आधुनिकतेचे मोठे भोक्ते होते. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, ब्रांकुशीकडून शिल्पे घेतली. मोटारींच्या बाबतीतही त्यांची नजर तशीच होती. १९३५ साली त्यांच्यासाठी ड्युसेनबर्ग कंपनीचा सुपरचार्जर लावलेला सांगाडा अमेरिकेतून लंडनला गेला आणि तिथे गर्नी नटिंग या कोचबिल्डरने त्यावर दोन आसनी, उघडे 'स्पीडस्टर' अंग चढवले. त्या काळातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांत तिची गणना होई. रंग होता केशरी आणि काळा.

हा रंग सहज निवडलेला नव्हता. त्या काळी शर्यतीतल्या गाड्यांना देशांचे रंग ठरलेले असत. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा, जर्मनीचा पांढरा. पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानाला त्या यादीत रंग नव्हता. इंदूरच्या राजाने आपला केशरी-काळा परदेशी गाडीवर चढवला, तेव्हा ती गाडी अमेरिकी किंवा इंग्रजी न राहता होळकरांची झाली. आज ती गाडी जगभरच्या जाणकारांच्या ओळखीची आहे, ती या दोन रंगांसकट. ती उद्या कुणी लाल केली तर यंत्र तेच राहील, चाके तीच राहतील, पण होळकरांची गाडी राहणार नाही. रंग हा गाडीचा कागदपत्र असतो, तो असा.

कुर्ला ते रांजणगाव

संस्थाने गेली आणि परदेशी गाड्यांवर बंधने आली. वेगाची हौस भागवायला मध्यमवर्गाच्या हाती उरली ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या या कारखान्यातली फियाट सत्तरीच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. हौशी मंडळी तिचे इंजिन उघडून, कस लावून मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती खेळत.

मुंबईत मात्र पद्मिनीचा रंग आवडीचा नव्हता, कायद्याचा होता. वर पिवळे, खाली काळे. वर्षाच्या 'पासिंग'आधी टॅक्सीला रंगाचा हात द्यायचा ही रीतच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीचे वय २० वर्षांपर्यंतच धरले जाते, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ती उठली. हजारो गाड्या होत्या, पण त्यांतली मूळ रंगातली एक दाखवा म्हटले तर पंचाईत होईल. दरवर्षी रंगणाऱ्या वस्तूचा मूळ रंग कोण जपणार?

कुर्ल्यातले फियाटचे काम पुढे रांजणगावला आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे बनलेली 'अबार्थ पुंटो' बाजारात आली. कार्लो अबार्थ या शर्यतवेड्या माणसाने १९४९ साली इटलीत आपल्या नावाची कंपनी काढली होती, ती १९७१ साली फियाटने घेतली. विंचू हे तिचे चिन्ह. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण १४५ अश्वशक्तीचे इंजिन आणि किंमत दहा लाखांच्या आत. फार खपली नाही, लवकरच बंदही झाली. तरीही शिरूर तालुक्याच्या मातीत तयार झालेली शर्यतीच्या घराण्याची गाडी म्हणून तिला इतिहासात जागा आहे. आज नव्याने पाहणाऱ्याला ती जुनी गाडी वाटेल, उद्याच्याला ती ठेवा वाटेल.

तासांचा हिशेब

कारखान्यात आज रंगाचे काम असे चालते. पत्र्याचे अख्खे अंग रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला थर बसवतात, मग भट्टी, मग अस्तर, रंग आणि वर पारदर्शक थर. फवारणारे हात बहुधा यंत्राचे. सगळे मिळून काही तासांचा मामला. शंभर वर्षे उद्योगाने एकच गोष्ट केली, रंगातला वेळ काढून टाकला.

जुनी गाडी पुन्हा रंगवायची म्हणजे हा काढून टाकलेला वेळ परत विकत घ्यायचा. हौदात बुडवता येत नाही, भट्टीत घालता येत नाही. आधी काचा, रबरे, दिवे, पट्ट्या, दांडे सुटे करायचे आणि एकेका स्क्रूला चिठ्ठी बांधायची. जुने थर पत्र्यापर्यंत उतरवायचे. मग खरा चेहरा दिसतो. कुठे गंज, कुठे जुन्या अपघातावर बोटभर लांबी भरलेली. लोहचुंबक फिरवले की जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे हे कळते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, ठोकून मूळ वळणावर आणायचा. मग प्रायमर, सरफेसर आणि घासकाम. ८० नंबरच्या कागदापासून सुरुवात, १८०, ३२०, ४००, ८०० अशी चढण. लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून पाण्याने घासत राहायचे. डोळ्यांना न दिसणारा खड्डा तळहाताला लागतो. एवढे झाल्यावर बंद खोलीत रंगाचे हात, ते तासा-दोन तासांत होतात. नंतर पुन्हा १५००, २०००चा वॉटर पेपर आणि रबिंग.

नीट केलेल्या कामाला दोनशे-तीनशे माणसी तास सहज लागतात. गणितापुरते २४० धरू, म्हणजे एका माणसाचे ३० दिवस. रोजाची मजुरी हजार रुपये धरली तर कष्टाचे होतात ३०,००० रुपये. अमेरिकेत तासाला शंभर डॉलर आकार धरला तर त्याच कष्टाचे होतात २४,००० डॉलर. रंगाचा डबा दोन्हीकडे जवळपास सारखाच, बहुधा त्याच बहुराष्ट्रीय कंपनीचा. जुनी गाडी रंगवणे आपल्याकडे स्वस्त पडते, यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. माणसाचा तास स्वस्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही चांगल्या कामाचे बिल काही लाखांवर जाते, ते पत्र्याच्या कामामुळे, मिळेनाशा झालेल्या भागांमुळे आणि हाताला डोळे असलेले कारागीर कमी होत चालल्यामुळे. रोबोच्या कारखान्यात तळहाताने खड्डा ओळखायला कुणी शिकत नाही.

बिलात न येणारा खर्च

दोन खर्च मात्र कुठल्याच बिलात लिहिलेले नसतात.

पहिला कारागिराच्या छातीचा. नायट्रोसेल्युलोज मागे पडले आणि दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग आले. रंगात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रियेने तो काचेसारखा घट्ट होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातली रसायने असतात. फवाऱ्याच्या धुक्यातून ती फुप्फुसात गेली की काहींना कायमचा दमा जडतो. एकदा शरीराने वैर धरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते, आणि मग तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. जुना रंग घासतानाही धोका आहेच. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली, पण जुन्या पत्र्यावर आधीच बसलेल्या शिशाला नियम काय करणार? कोरडे घासले की त्याची धूळ होते, म्हणून पाण्याने घासायचे. गाडी रंगवायला देणाऱ्याने दर विचारण्याआधी मुखवट्याविषयी विचारले तर कारागिराचे भले होईल.

दुसरा खर्च गाडीच्या आठवणीचा. जुने थर पत्र्यापर्यंत उतरवले की कारखान्याने दिलेला रंग कायमचा जातो. नवा कितीही हुबेहूब असो, तो नवाच. इथे आपल्या मनाची एक अडचण आहे. आपल्याकडे नवा रंग शुभ. दिवाळीआधी घराला हात फिरतो, पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लागतो, देवाला शेंदूर चढतो. पण शेंदराचेच उदाहरण घेऊ. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातात आणि मूर्तीवर कवच तयार होते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे असे थर तज्ज्ञांकडून काढले गेले आणि खालचे मूळ रूप भाविकांपुढे आले. तिथे वरचे काढल्यावर मूळ सापडले. गाडीचे उलटे आहे. वरचे काढताना मूळही जाते.

जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने २०१२-१३ मध्ये 'ट्यूरिन सनद' स्वीकारली, तिचा गाभा हाच आहे. आधी जपणूक, नाइलाज झाला तरच नवीकरण, आणि जे केले त्याची लेखी नोंद. ट्यूरिन हे फियाटचे गाव. म्हणजे रांजणगावच्या गाडीला तिच्या आजोळाहूनच हा सल्ला आलेला आहे.

आपला कायदाही आता थोडा जागा झाला आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू लागली. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बाह्यांग, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. रंगाबद्दल मोटार नियमांत एक जुनी मनाईही आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या १२१व्या नियमाने लष्कराखेरीज कुणालाही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. लष्कराच्या लिलावातली जीप हौसेने घेणाऱ्याला तिचा खरा रंगच वर्ज्य. तिथे मूळ जपणे हाच गुन्हा ठरतो.

२०१५ साली नोंदलेली रांजणगावची अबार्थ २०६५ साली पन्नास वर्षांची होईल. तोवर तिच्यावर ओरखडे पडतील, ऊन तिचा वरचा थर खाईल, मालक बदलतील. कुणीतरी एका दिवाळीत ती नगर रस्त्यावरच्या शेडमध्ये नेऊन 'नवी करून द्या' म्हणेल. त्या माणसाला सांगण्यासारखे तीन शब्द आहेत. थांब, बघ, लिही. पॉलिशने भागते का ते आधी बघ. रंग द्यावाच लागला तर डिकीच्या झाकणाखाली, डॅशबोर्डच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे वीतभर मूळ रंग तसाच राहू दे. कुठला रंग, कधी, कुणाच्या हाताने, हे वहीत लिही. कारागिराचे नावही लिही. जगातल्या मोठमोठ्या गाड्यांचे कोचबिल्डर आपल्याला ठाऊक असतात, घासणाऱ्या हातांची नावे कुणी ठेवली नाहीत.

रंग शेवटी लिटरभरच असतो. बाकी सगळी किंमत त्या हातांची.